वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या सोलापुरातल्या छोट्या कारखान्यांसाठी: सरकारी कर्ज आणि उत्पादनातल्या अडचणी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांच्याकडे एक ते चार सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारी) मशिन आहेत, किंवा पहिलं मशिन घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. योजनांची नावं सगळ्यांना पाठ असतात. अडचण दुसरीकडेच असते: बँकेचा हप्ता तारखेवर चालतो आणि उत्पादन ग्राहकाच्या मंजुरीवर. या दोन्हींची सांगड कर्ज घेण्याआधीच घातली नाही, तर चांगलं काम हातात असूनही खातं थकतं. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याभोवती आहेत.

सरकार आम्हाला थेट कर्ज देतं का?

बहुतेक वेळा नाही. कर्ज बँकच देते आणि मंजूर करायचं की नाही हेही बँकच ठरवते. सरकारची मदत तीन प्रकारे येते: प्रकल्प खर्चावर अनुदान, तारणाऐवजी हमी, किंवा भरलेल्या व्याजाचा परतावा. म्हणून "योजनेत बसतो, पण बँक देत नाही" अशी तक्रार घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात गेलात, तर तिथे शिफारस मिळेल, पैसे मिळणार नाहीत. आधी ज्या शाखेत तुमचं चालू खातं आहे आणि उलाढाल दिसते, तिथे बोला.

आमच्यासारख्यांना कोणत्या योजना उपयोगी पडतात?

नवा कारखाना असेल तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. खुल्या प्रवर्गाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक वगैरे विशेष प्रवर्गाला हेच प्रमाण २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा खुल्या प्रवर्गाने १० टक्के आणि विशेष प्रवर्गाने ५ टक्के घालायचा. प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर अर्जदार किमान आठवी पास हवा. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळे अर्जाआधी पोर्टलवर सद्यस्थिती बघून घ्या.

शहरी की ग्रामीण, याने बराच फरक पडतो. ३० लाखांच्या प्रकल्पाला खुल्या प्रवर्गात शहरात साडेचार लाख, तर ग्रामीण भागात साडेसात लाख. तेव्हा शेड भाड्याने घेण्याआधी त्या जागेची महसुली नोंद गावाची आहे की शहराच्या हद्दीतली, हे लेखी तपासा. एमआयडीसीची पाटी बघून अंदाज बांधू नका.

मराठा समाजातल्या उद्योजकांना अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे: १५ लाखांपर्यंतचं कर्ज, जास्तीत जास्त साडेचार लाख रुपये व्याज परतावा. यात लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे पात्रता पत्र, कर्जाच्या आधी काढावं लागतं. कर्ज आधी आणि पत्र नंतर, असं केल्यामुळे अनेकांचा परतावा हुकतो. शिवाय हप्ता आधी तुम्ही भरायचा, व्याज नंतर खात्यात येतं. परताव्याच्या भरवशावर हप्त्याचं गणित मांडू नका.

मुद्रा योजनेतून तरुण गटात १० लाखांपर्यंत मिळतात आणि आधीचं तरुण कर्ज नीट फेडलं असेल तर तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत. मोजमापाची साधनं, कॉम्प्रेसर, जुनं लेथ यासाठी ठीक आहे. नव्या सीएनसीला मात्र ते अपुरं पडतं.

सीजीटीएमएसईची हमी असली की कर्ज फेडलं नाही तरी चालतं का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. सीजीटीएमएसई हा छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट. त्याची हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. तुम्ही थकलात तर ट्रस्ट बँकेला ठराविक टक्के भरपाई देतो, पण वसुली तुमच्याकडून चालूच राहते आणि सिबिलवर डागही बसतो. हमीचा फायदा इतकाच की घर किंवा शेत गहाण न ठेवता कर्ज मिळतं. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० कोटींपर्यंत आहे. हमीचं शुल्क दरवर्षी लागतं आणि बहुतेक बँका ते तुमच्याच खात्यातून कापतात. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्याची ओळ नसते, ती घाला.

अनुदान हातात कधी येतं?

पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीसारखं अडकून राहतं. त्या रकमेवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होऊन ते कर्जात वळतं होतं. एक अट अनेकांना माहीतच नसते. या तीन वर्षांत कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा कधीतरी एकदा पूर्ण वापरलेली दिसली पाहिजे आणि एकूण वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. "व्याज वाचवू" म्हणून मर्यादेला हातच न लावणाऱ्यांचं अनुदान कमी होऊ शकतं.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये उत्पादन किती दाखवावं?

जेवढं खरंच निघेल तेवढंच. नमुन्यादाखल गणित बघा. समजा मशिनसाठी २५ लाखांचं मुदत कर्ज आहे, व्याज १० टक्के, जॉबवर्कचा, म्हणजे ग्राहकाच्या मालावर नुसतं काम करून देण्याचा, दर तासाला ४०० रुपये. साडेसात तासांच्या दोन पाळ्या आणि महिन्याला २६ दिवस धरले तर ३९० तास, म्हणजे १ लाख ५६ हजार. कामगार ३६ हजार आणि वीज, इन्सर्ट (कापणारी टोकं), कूलंट (थंड ठेवणारं तेल-पाणी) मिळून ४० हजार वजा जाता ८० हजार उरतात. पाच वर्षांच्या फेडीचा हप्ता साधारण ५३ हजार. परतफेडीचं गुणोत्तर, म्हणजे उरलेले पैसे भागिले हप्ता, दीड येतं. कागदावर उत्तम.

पण सेटिंग, इन्सर्ट बदलणं, लाइट जाणं, माल वेळेवर न येणं, रिजेक्शन हे सगळं जाऊन ७५ टक्के वेळ मिळाला तरी खूप. मग तास उरतात सुमारे २९०, पैसे १ लाख १७ हजार. कामगारांचा पगार कमी होत नाही, बाकी खर्च ३० हजार धरा. हातात राहतात ५१ हजार, आणि हप्ता ५३ हजारांचा. तेच कर्ज सात वर्षांवर घेतलं तर हप्ता साडेएकेचाळीस हजारांच्या आसपास येतो आणि कारखाना तग धरतो. सात वर्षांत एकूण व्याज जास्त जातं हे खरं, तरीही पहिलं मशिन घेणाऱ्याने लांब मुदतच मागावी. पुढे हातात पैसे खेळायला लागले की जादा भरून कर्ज लवकर फेडता येतं. छोटा हप्ता मात्र मागाहून मिळणं अवघड असतं.

हप्ता सुरू होण्याआधी किती महिन्यांची सवलत मागावी?

किमान नऊ, जमल्यास बारा. बँक सहज सहा देते आणि तिथेच घोळ होतो. क्रम बघा.

मशिनची ऑर्डर दिल्यापासून ते यायला आठ ते बारा आठवडे. पाया, विजेची जोडणी, लेव्हलिंग आणि चाचणी यात आणखी दोन आठवडे. एमएसईडीसीएलकडून (महावितरणकडून) लोड वाढवून घ्यायचा असेल तर तो अर्ज मशिनच्या ऑर्डरबरोबरच टाका, नाहीतर मशिन येऊन प्लास्टिकखाली उभं राहतं. फिक्श्चर (नग पकडून ठेवणारं साधन) आणि गेज (माप तपासणारं साधन) तयार व्हायला चार ते आठ आठवडे. मग सॅम्पल, त्यावर ग्राहकाचे शेरे, पुन्हा सॅम्पल, पीपॅपची मंजुरी (नियमित उत्पादनाआधी ग्राहक नगाला आणि प्रक्रियेला देतो ती), पायलट लॉट. नियमित शेड्यूल सुरू होईपर्यंत सात-आठ महिने सहज जातात. पहिल्या बिलाचे पैसे त्यानंतर ४५ ते ६० दिवसांनी. म्हणजे पहिला खरा रुपया नवव्या-दहाव्या महिन्यात, आणि हप्ता सातव्यात.

त्यातही सवलतीची मोजणी कुठून सुरू होते ते मंजुरीपत्रात वाचा. बऱ्याच वेळा ती पहिल्या वितरणापासून धरलेली असते, म्हणजे मशिन कंपनीला ॲडव्हान्स गेला त्या दिवसापासून. ती "व्यावसायिक उत्पादन सुरू झाल्याच्या तारखेपासून" अशी लिहून घेता येते का ते सहीआधी विचारा. सही झाल्यावर हा बदल म्हणजे कर्जाची पुनर्रचना, आणि ती कोणालाच नको असते. सवलतीच्या काळातही व्याज भरावंच लागतं: २५ लाखांवर महिन्याला सुमारे २१ हजार. ही रक्कम आणि निदान चार महिन्यांचे पगार वेगळे काढून ठेवल्याशिवाय मशिनची ऑर्डर देऊ नका.

मशिनवरचा जीएसटी परत मिळतो, मग त्याची काळजी कशाला?

क्रेडिट मिळतं, रोख नाही. २५ लाखांच्या मशिनवर १८ टक्क्यांनी साडेचार लाख होतात. बँक अनेकदा मूळ किमतीवरच कर्ज देते, त्यामुळे हे साडेचार लाख पहिल्याच दिवशी तुमच्या खिशातून जातात. वरच्या उदाहरणात महिन्याचा जॉबवर्क १ लाख १७ हजारांचा, त्यावरचा कर सुमारे २१ हजार. म्हणजे इतर खरेदीचं क्रेडिट बाजूला ठेवलं तरी ही रक्कम वळती व्हायला एकवीस महिने लागतात. यंत्रसामग्रीच्या क्रेडिटचा रोख परतावा सहसा मिळत नाही. कोटेशन करासहित बँकेला द्या आणि करासकट कर्ज मागा.

पीपॅप इतका का लांबतो?

कारण बहुतेक जण त्याला शेवटी भरायचा कागद समजतात. पीपॅपमध्ये १८ घटक असतात आणि ग्राहक सहसा तिसऱ्या पातळीचं सादरीकरण, म्हणजे नमुन्यासोबत सगळी कागदपत्रं, मागतो. माल, मोजमाप आणि प्रक्रिया या तिन्हींचे पुरावे एकमेकांशी जुळावे लागतात. नेहमी अडतं ते इथे:

सॅम्पल दुसऱ्याच्या मशिनवर काढलेलं असतं. पीपॅपची धाव प्रत्यक्ष उत्पादनाच्याच मशिनवर, त्याच फिक्श्चरवर, त्याच वेगाने व्हावी लागते. ग्राहकाने वेगळं ठरवलं नसेल तर सलग किमान ३०० नग. पाच नग जपून काढून पाठवले तर ते मापात बसतात आणि पुढे ३०० मध्ये प्रक्रिया उघडी पडते.

महत्त्वाच्या मापांचा सुरुवातीचा क्षमता निर्देशांक, म्हणजे प्रक्रिया मापाच्या मर्यादेत किती आरामात बसते त्याचा आकडा, १.६७ च्या वर हवा. १.३३ च्या खाली गेला तर प्रक्रिया सुधारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे लोक मशिनला दोष देतात. आधी गेज बघा. मोजमापातलाच फरक टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) ३० टक्क्यांच्या वर असेल तर आकडे कधीच सुधारणार नाहीत. १० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. हे तपासायला तीन माणसं, दहा नग, प्रत्येकी तीन वेळा मोजणी. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते महिना वाचवतं.

हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळणीचा क्रमांक, जुळत नाही. बारवरचा रंग कापताना निघून जातो आणि उरलेला तुकडा कोणत्या प्रमाणपत्राचा हे कोणालाच सांगता येत नाही. रंग एका टोकाला लावा आणि कापणी दुसऱ्या टोकाकडून सुरू करा.

आणखी एक गोष्ट कर्जाशी थेट जोडलेली आहे. मंजूर झालेला नग तुम्ही नव्या मशिनवर किंवा नव्या शेडमध्ये हलवलात, तर ग्राहकाला कळवून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. नवं मशिन आलं की जुनं काम त्यावर टाकू आणि लगेच हप्ता निघेल, हा हिशोब म्हणूनच फसतो. स्थलांतराआधी दोन-तीन आठवड्यांचा मंजूर माल साठवून ठेवा.

उन्हाळ्यात रिजेक्शन वाढतं. मशिन खराब आहे का?

बहुधा नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. पोलाद दर मीटरला दर अंशामागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मोजमापाच्या प्रमाण तापमानापेक्षा, म्हणजे २० अंशांपेक्षा, २० अंशांनी गरम असताना मोजला तर तो सात मायक्रॉनने मोठा दिसतो. त्याच व्यासाला एच-सहा (मापाची एक बारीक प्रमाण श्रेणी) फिट असेल तर एकूण टॉलरन्सच १३ मायक्रॉन. निम्मी इथेच गेली. तुमच्याकडे गरम असताना मधोमध बसलेला नग ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीत खालच्या मर्यादेवर किंवा तिच्याखाली जातो. तुमचा रिपोर्ट ओके, त्यांचा रिजेक्ट, आणि मग वाद.

उपाय साधे आहेत. मास्टर, गेज आणि नग एकाच ठिकाणी किमान अर्धा तास ठेवून मगच मोजा. मास्टर त्याच पोलादाचा असेल तर दोघंही सारखेच फुगतात आणि तुलना बरोबर येते. गेज उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नका. पाळीच्या सुरुवातीला आणि लाइट जाऊन आल्यावर स्पिंडल पंधरा-वीस मिनिटं रिकामं फिरवा. पहिल्या दहा नगांचं माप सरकतं ते थंड स्पिंडलमुळे. कंट्रोल पॅनेलचा एसी मार्चमध्येच साफ करून घ्या. दुपारी ड्राइव्हचा अलार्म येऊन मशिन थांबतं आणि संध्याकाळी आपोआप चालू होतं, अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा पॅनेलचा फिल्टर धुळीने भरलेला निघतो.

बोअरचं पाणी कूलंटमध्ये थेट टाकू नका. ते जड असतं. तेल पाणी सोडून वर तरंगतं, साय धरते, नगाला गंज चढतो आणि ग्राइंडिंगमध्ये फिनिश जातो. आरओचं किंवा मऊ केलेलं पाणी वापरा. रिफ्रॅक्टोमीटरने रोज सकाळी तपासा. साधारण मशिनिंगला पाच ते आठ टक्के पुरतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं आणि तेल मागे राहतं, म्हणून भर घालताना एक-दोन टक्क्यांचं पातळ मिश्रण घाला. नुसतं पाणी ओतलं की मिश्रण फुटतं.

माणसं कमी पडतात त्या दिवसांचं काय करावं?

सोलापुरात ते दिवस आधीच ठाऊक असतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, आषाढीची वारी, दिवाळी आणि ज्याच्या त्याच्या गावची जत्रा. हजेरी घटणारच. डिस्पॅचचं नियोजन दोन आठवडे आधी पुढे ओढा. पुणे-चाकणकडे आपण अडीचशे किलोमीटरवर आहोत. लाइन थांबली म्हणून खास गाडी पाठवली तर त्या लॉटचा नफा भाड्यातच जातो, वर डेबिट नोट येते ती वेगळी.

पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत असं म्हणतात. प्रत्यक्षात काय करायचं?

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या नियमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. हे लागू व्हायला तुमची उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची हवी. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्चमध्ये खरेदीदारांचे अकाउंटवाले तोच शोधत असतात.

सरकारच्या समाधान पोर्टलवर थकलेल्या पैशांची तक्रार करता येते. पण चालू ग्राहकावर तक्रार करायला मन धजत नाही, हे समजण्यासारखं आहे. म्हणून ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा, मार्ग अधिक चांगला वाटतो. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तुमचं बिल खरेदीदाराने मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे एक-दोन दिवसांत मिळतात. दर खरेदीदाराच्या पतीवर ठरतो, त्यामुळे कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडू शकतो. खरेदीदार बुडाला तर वसुली तुमच्यावर येत नाही.

खेळतं भांडवल मागताना एक लक्षात ठेवा: बँका छोट्या उद्योगाला अंदाजित उलाढालीच्या २० टक्के मर्यादा देतात. कच्चा माल तुमचा असेल, साठा ३० दिवसांचा आणि उधारी ६० दिवसांची असेल, तर तीन महिने पैसा अडकतो आणि २० टक्के पुरत नाहीत. अशा वेळी सुरुवातीला ग्राहकाचा माल घेऊन नुसतं जॉबवर्क करणं शहाणपणाचं. ग्राहकाचा माल एक वर्षाच्या आत परत गेल्याची नोंद जीएसटीच्या आयटीसी-०४ विवरणात त्याच्याकडून होते ना, हे बघत राहा.

केंद्राच्या पीएलआय योजनेचा आम्हाला लाभ मिळेल का?

थेट नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेली ही २५,९३८ कोटींची, उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन देणारी योजना मोठ्यांसाठी आहे. सुट्या भागांच्या कंपनीलाही ५०० कोटींच्या उलाढालीची अट होती. मात्र लाभार्थी कंपन्यांना ५० टक्के देशी मूल्यवर्धन दाखवावं लागतं. त्यामुळे ते देशातल्या पुरवठादारांकडे येतात आणि कागदपत्रं मागतात.

सरकारी कर्ज घेऊन वाहन कंपन्या बुडाल्या असं अमेरिकेत झालं म्हणतात. खरं काय?

कोणी बुडालं, कोणी फेडलं. २००७ च्या कायद्याने २५ अब्ज डॉलरची कर्जयोजना आली. २००९ मध्ये फोर्डला ५.९ अब्ज आणि टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर मंजूर झाले. टेस्लाने आपलं कर्ज मे २०१३ मध्ये मुदतीआधी फेडलं. फिस्कर कंपनीला ५२.९ कोटी मंजूर झाले, पण टप्पे चुकले म्हणून सरकारने १९.२ कोटींवर वितरण थांबवलं. तिच्या बॅटऱ्या एकाच पुरवठादाराकडून येत होत्या. त्या सदोष निघाल्या, परत बोलवाव्या लागल्या, २०१२ मध्ये तो पुरवठादारच दिवाळखोरीत गेला आणि गाड्या बनणं थांबलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिस्करही गेली. सरकारचं नुकसान सुमारे १३.९ कोटी डॉलर. आकडे आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत, पण दुखणं ओळखीचं आहे. तुमचं हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग एकाच ठिकाणी होत असेल तर पीपॅपमध्येच दुसरा पर्याय मंजूर करून घ्या.

हप्ता थकायला लागला तर?

बँकेला ९० दिवसांच्या आत, खरं तर पहिल्या ३० दिवसांतच, लेखी कळवा. ९० दिवसांनी खातं एनपीए (थकीत) होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही राहत नाही. २५ कोटींपर्यंतच्या एमएसएमई कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ पासूनची पुनरुज्जीवन चौकट आहे. उद्योजकाला स्वतः अर्ज करून बँकेच्या समितीपुढे प्रकरण नेता येतं. अर्जासोबत ग्राहकाचं शेड्यूल, थकलेल्या बिलांची यादी आणि पुढच्या सहा महिन्यांची रोखीची आवक-जावक जोडा. दुसरीकडून चढ्या व्याजाने उचलून हप्ता भरू नका.

इलेक्ट्रिक गाड्या येत आहेत. इंजिनाच्या भागांसाठी सात वर्षांचं कर्ज घ्यावं का?

हा प्रश्न सोलापूरला जास्त लागतो, कारण १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्समुळे इथलं बरंच कौशल्य कॅमशाफ्टभोवती वाढलं आहे, आणि निव्वळ बॅटरीवरच्या गाडीला कॅमशाफ्ट लागत नाही. पण हायब्रिड आणि सीएनजी गाड्यांना लागतो, ट्रॅक्टरला लागतो. काम लगेच संपणार नाही. निर्णय मशिनच्या प्रकारावर घ्या. साधं टर्निंग सेंटर किंवा व्हीएमसी (उभं मिलिंग मशिन) असेल तर सात वर्षं बिनधास्त. उद्या त्यावर मोटरचा शाफ्ट, ब्रेकचे भाग, पंपाचे भाग काहीही चालेल. एकाच नगासाठी बनवलेलं खास मशिन असेल तर त्याचं कर्ज ग्राहकाच्या लेखी कराराच्या मुदतीपेक्षा लांब जाऊ देऊ नका. आणि ग्राहक त्या मशिनच्या किमतीतला काही हिस्सा टूलिंगचा ॲडव्हान्स म्हणून द्यायला तयार आहे का, हे दर ठरवतानाच विचारा.